एकटीच्या खोलीचा हिशेब : महिलांच्या गट-सहलींचा व्यवसाय शिकवणाऱ्या एका प्रशिक्षणवर्गाचे परीक्षण

एकट्याने प्रवास करणाऱ्या महिलांसाठी गट-सहलींचा व्यवसाय कसा उभा करावा, हे शिकवणारा आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग मी नुकताच पूर्ण केला. हा व्यवसाय करू पाहणाऱ्या स्त्रिया आता बऱ्याच आहेत, त्यांच्यासाठीचे असे वर्गही वाढले आहेत. म्हणून या वर्गातून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे सविस्तर लिहावेसे वाटले. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवेविषयी मला मुख्यतः बोलायचे आहे ती या विषयावरच्या मी पाहिलेल्या बहुतेक प्रशिक्षणसाहित्यात आहे, आणि ती एकाच संस्थेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

मी स्वतः सोळा वर्षे एकटी प्रवास करते आहे. वर्गात नाव नोंदवण्यापूर्वी मी ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या नऊ जणींना घेऊन एक सहल करून पाहिली होती. सहल चांगली झाली, परंतु तिच्यातली एक गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. नऊ हा विषम आकडा असल्यामुळे आठ जणी चार खोल्यांत राहिल्या आणि सर्वांत शेवटी पैसे भरणाऱ्या नवव्या बाईला खोली एकटीने घ्यावी लागली. कोणाहीबरोबर राहण्याची तिची तयारी होती. तरीही प्रचलित पद्धतीप्रमाणे मी तिच्याकडून एकल खोलीचा जादा आकार, म्हणजे ज्याला या धंद्यात ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणतात तो, घेतला. तिने तो मुकाट्याने भरला. एकट्या बाईसाठी म्हणून काढलेल्या सहलीत एकटी राहिल्याबद्दल एका बाईला मी दंड केला, ही जाणीव मला परत आल्यावर झाली. याचे उत्तर मिळावे, या अपेक्षेने मी हा वर्ग लावला होता.

वर्गाची रचना साधी आहे. आठवड्यातून एकदा दोन तासांचे थेट सत्र, त्याचे ध्वनिचित्रमुद्रण, भरून पाठवायची कार्यपुस्तिका आणि शेवटी एका अनुभवी सहल-संयोजिकेशी तासभर स्वतंत्र चर्चा, असे त्याचे स्वरूप आहे. सत्रे वेळेवर सुरू झाली, प्रश्नांना उत्तरे मिळाली, मुद्रण दुसऱ्या दिवशी उपलब्ध झाले. त्याबाबत तक्रारीला जागा नाही.

सर्वांत उत्तम झाले ते मार्गक्रम आणि सुरक्षितता यांवरचे सत्र. सुरक्षिततेविषयी बोलताना पुष्कळ जण धीर देणारी विशेषणे वापरतात आणि कृतीविषयी काहीच सांगत नाहीत. येथे मात्र शिकवणाऱ्या बाईंनी एक काल्पनिक मार्गक्रम पडद्यावर ठेवला आणि त्यातल्या चुका आमच्याकडून काढून घेतल्या. गटातल्या सगळ्या एकाच विमानाने येत नाहीत, वेगवेगळ्या शहरांतून येतात, तेव्हा पहिल्या दिवशी प्रत्येकीची पोहोचण्याची वेळ उजेडातली असेल असा पहिला कार्यक्रम ठेवावा आणि उशिरा येणारीला आणायला ठरलेले वाहन पाठवावे. हॉटेल निवडताना दोन खोल्यांना जोडणारे दार आतून पक्के बंद होते का, तळमजल्यावरच्या खोलीची खिडकी कुठे उघडते, स्वागतकक्षातला कर्मचारी खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारतो की किल्लीबरोबर लिहून देतो, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. बसप्रवासात स्वच्छतागृहाचा थांबा किती वेळाने आहे आणि तिथली व्यवस्था कशी आहे, हे मार्गक्रमातच लिहावे. हा शेवटचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात थांबा कधी येईल हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी बायका प्रवासात दिवसभर पाणी कमी पितात आणि संध्याकाळपर्यंत आजारी पडतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

याच सत्रात बसचालकाच्या कामाच्या वेळेचा विषय निघाला, ही मला विशेष आवडलेली गोष्ट. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार चालकाने सलग साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घेणे बंधनकारक आहे आणि दिवसाला गाडी चालवण्याची सर्वसाधारण मर्यादा ९ तासांची आहे. जिथे असा नियम नाही किंवा असूनही पाळला जात नाही, तिथेही संयोजिकेने हीच मर्यादा स्वतःवर घालून घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. नकाशावर दोन ठिकाणे जवळ दिसतात म्हणून एका दिवसात कोंबणारी सहल चालकाला थकवते आणि थकलेला चालक हा रात्रीच्या अनोळखी रस्त्यापेक्षा मोठा धोका असतो. प्रवासातील जोखमीच्या व्यवस्थापनाविषयी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२१ मध्ये ३१०३० क्रमांकाचे मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले आहे. ते मुख्यतः कर्मचाऱ्यांना प्रवासाला पाठवणाऱ्या संस्थांसाठी असले तरी त्यातली विचार करण्याची पद्धत छोट्या संयोजिकेलाही वापरता येते, हे त्यांनी उदाहरणांसह दाखवले. सहलीच्या मध्यावर खुद्द टूर लीडरच, म्हणजे गटाबरोबर राहून सहल चालवणारी बाईच, आजारी पडली तर गट कोणाच्या हाती द्यायचा, हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही सुचला नव्हता. कार्यपुस्तिकेत त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते, हे फार चांगले आहे.

कायदेशीर जबाबदारीवरचे सत्र कोरडे असेल असे वाटले होते, पण तेही पकड घेणारे निघाले. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवासविषयक निर्देशाला, जो १ जुलै २०१८ पासून लागू झाला, आधाराला घेऊन त्यांनी मूळ तत्त्व समजावले: प्रवास आणि निवास यांसारख्या दोन वेगवेगळ्या सेवा एकत्र करून एका किमतीला विकल्या की विकणारी व्यक्ती संयोजक ठरते आणि त्या सेवा पुरवणाऱ्यांकडून झालेल्या चुकांचे उत्तरही तिलाच द्यावे लागते. ‘ते हॉटेलने केले, माझा काय संबंध’ हे म्हणण्याची सोय तिला उरत नाही. मैत्रिणींना घेऊन जाता जाता या व्यवसायात शिरणाऱ्या बहुतेक जणींना आपण ही रेषा कधी ओलांडली, हे कळतही नाही. आपापल्या देशातला कायदा पाहिल्याशिवाय एकही आगाऊ रक्कम स्वीकारू नये, असे त्यांनी दोनदा सांगितले, आणि ते योग्यच होते.

ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याविषयी बोलताना थॉमस कुक या ब्रिटिश सहल कंपनीचे उदाहरण आले. १८४१ मध्ये एका रेल्वे सहलीपासून सुरू झालेला हा उद्योग १७८ वर्षांनी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, कोसळला, तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत होते आणि त्यांना परत आणण्याची व्यवस्था ब्रिटनच्या सरकारी यंत्रणेला करावी लागली. ज्या ग्राहकांच्या पैशाला कायद्याने संरक्षण दिलेले होते, त्यांना निदान आपले पैसे परत मिळू शकले. पुढच्या सहलीच्या आगाऊ रकमेतून मागच्या सहलीची देणी भागवण्याची सवय लहान व्यवसायात किती सहज लागते, हे मला स्वतःला माहीत आहे. पहिल्या सहलीच्या वेळी माझे एकच बँक खाते होते. या सत्रानंतर मी दुसरे उघडले.

पॅकेज प्रवासविषयक त्याच निर्देशातली आणखी एक तरतूद प्रत्येक नव्या संयोजिकेने पाठ करावी अशी आहे. किमान संख्या न भरल्यामुळे सहल रद्द करायची असेल, तर सहा दिवसांपेक्षा मोठ्या सहलीसाठी निदान २० दिवस, दोन ते सहा दिवसांच्या सहलीसाठी ७ दिवस आणि त्याहून लहान सहलीसाठी ४८ तास आधी कळवावे लागते आणि पूर्ण रक्कम परत करावी लागते. एकटीने प्रवास करणाऱ्या बाईच्या बाबतीत मला ही मुदतही अपुरी वाटते. तिने कार्यालयातून रजा मंजूर करून घेतलेली असते, घरातल्या वृद्धांची किंवा मुलांची सोय लावलेली असते, कधी विमानाचे तिकीटही स्वतंत्र काढलेले असते. सहल रद्द झाली तर ‘चल, आपण दोघी जाऊ’ म्हणायला तिच्याबरोबर कोणी नसते. माझ्या अटींमध्ये मी हा निर्णय ४५ दिवस आधी घेण्याचे ठरवले आहे. वर्गात या अंगाचा विचार झाला असता तर बरे झाले असते.

आता मुख्य उणिवेकडे येते. किंमत ठरवण्याचे, म्हणजे कॉस्टिंगचे, सत्र पाचव्या आठवड्यात होते आणि त्याची मी सर्वांत जास्त वाट पाहत होते. स्थिर खर्च आणि माणशी खर्च वेगळे मांडणे, ना-नफा-ना-तोटा संख्या, म्हणजे किती जणी आल्या की खर्च निघतो ती, काढणे, चलनाच्या दरातील चढउतारासाठी तरतूद ठेवणे हे सगळे नीट शिकवले गेले. परंतु सत्रातला प्रत्येक तक्ता ‘ट्विन शेअरिंग’ म्हणजे दोघींत एक खोली हे मूळ धरून बनवलेला होता आणि एकटीची खोली तळाशी, जादा आकार म्हणून, एका ओळीत उरकली होती. सर्वसाधारण कौटुंबिक सहलींसाठी हा तक्ता ठीक आहे, कारण तिथे जोड्या घरूनच तयार होऊन येतात. ज्या व्यवसायाचा प्रत्येक ग्राहक एकटा येणार आहे, त्याचा हिशेब मात्र या तक्त्यावर उभा राहत नाही.

हे मी आकड्यांत मांडते; चलन कोणतेही समजावे. समजा, बस, स्थानिक मार्गदर्शक आणि टूर लीडरचा खर्च मिळून स्थिर खर्च ३६०० आहे. पाच रात्रींच्या एका खोलीचे भाडे ३०० आहे, म्हणजे दोघींत घेतल्यास प्रत्येकीच्या वाट्याला १५० येतात. इतर माणशी खर्च २५० धरला तर माणशी एकूण ४०० होतात. किंमत ८०० ठेवली तर नऊ जणींत खर्च निघतो आणि दहा जणींत ४०० उरतात. हा झाला वर्गातला तक्ता. आता दहांपैकी चौघींनी एकटीची खोली मागितली, तर खर्च ६०० ने वाढतो. प्रचलित पद्धत सांगते की त्या चौघींकडून प्रत्येकी १५० घ्या, किंवा बरेच जण घेतात तसे थोडे अधिकच घ्या. दुसरा मार्ग असा की तो खर्च सगळ्यांवर सारखा वाटावा आणि किंमत सर्वांसाठी ८६० ठेवावी. हाती उरणारे ४०० तसेच राहतात, आणि खोली एकटीची की दोघींची, हा किमतीचा प्रश्न न राहता सवयीचा आणि आवडीचा होतो. यात खोली वाटून घेणारी बाई दुसरीच्या खोलीचा काही भार उचलते, हा आक्षेप खरा आहे आणि तो दडवू नये. तिसरा मार्ग म्हणजे सगळ्या खोल्या एकल धरून किंमतच ९५० ठेवायची आणि वाटून राहणारीला १५० ची सूट द्यायची. पैशाच्या हिशेबात हा मार्ग पहिल्यासारखाच आहे. फरक इतकाच की एकटी राहणे हे यात मूळ धरलेले आहे. अर्ज भरणाऱ्या बाईला मात्र हा फरक पहिल्याच क्षणी जाणवतो, असे माझे मत आहे.

मी हे तिन्ही मार्ग सत्रात विचारले. जादा आकार सगळीकडेच घेतात, ग्राहकांना त्याची सवय असते, असे उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक होते, पण अपुरे होते. हॉटेल खोली विकते, खाट विकत नाही, त्यामुळे खोलीत एक माणूस राहिले तरी भाडे फारसे उतरत नाही, इथपर्यंतचे कारण मला मान्य आहे. तो भार कोणी आणि कसा उचलायचा, हे ठरवणे मात्र संयोजिकेच्या हातात आहे. ज्या बाईने वर्षानुवर्षे प्रत्येक ठिकाणी दोघांच्या खोलीचे पैसे एकटीने भरले आहेत, तिला वेगळे काही देण्यासाठीच आपण हा व्यवसाय काढतो आहोत, असे मला वाटते.

खोली वाटून घेणाऱ्यांच्या जोड्या कशा लावाव्यात, हा याच्याशी जोडलेला विषयही वर्गाने घाईने आटोपला. वय पाहून जोड्या लावाव्यात, एवढेच सांगितले गेले. माझ्या अनुभवात वयाचा उपयोग फार थोडा होतो. रात्री किती वाजता दिवा मालवता, पहाटे किती वाजता उठता, घोरता का किंवा घोरण्याचा त्रास होतो का, खोली थंड लागते की उबदार, रात्री फोनवर बोलावे लागते का, हे पाच प्रश्न अर्जात विचारले तर निम्म्याहून अधिक भांडणे होतच नाहीत. शिवाय प्रत्येक मुक्कामी एक जास्तीची खोली राखून ठेवावी आणि ती कोणत्या तारखेपर्यंत विनाशुल्क सोडता येईल, हे हॉटेलकडून लेखी घ्यावे. दुसऱ्या रात्रीनंतर दोघींचे पटले नाही, तर त्या खोलीइतका उपयोगी उपाय दुसरा नाही.

टूर लीडरविषयीच्या सत्राबद्दल एक इशारा द्यायला हवा. ठरावीक संख्येमागे हॉटेल एक जागा विनामूल्य देते, ती लीडरसाठी धरावी, असे तिथे शिकवले गेले. मोठ्या बसभर गटांसाठी ते खरे आहे. दहा-बारा जणींच्या गटाला ती सवलत मिळेलच, असे गृहीत धरून किंमत काढणे धोक्याचे आहे. लीडरचा निवास, प्रवास आणि मुख्य म्हणजे तिचे मानधन स्थिर खर्चात आधीच घालावे, मग ती लीडर आपण स्वतः का असेना. स्वतःच्या श्रमाचे मूल्य शून्य धरून काढलेली किंमत, दुसरी लीडर नेमायची वेळ आली की लगेच कोसळते. या सत्रात एक गोष्ट मात्र सुरेख सांगितली: मार्गक्रमात निदान अर्धा दिवस पूर्ण मोकळा ठेवावा आणि त्या वेळात गटाबरोबर नसणारीला ‘कुठे होतीस’ असे विचारू नये. एकटीने फिरण्याची सवय असलेल्या बाईला सोबत हवी असते, पण तिला सतत सोबत राहणे झेपत नाही.

जाहिरातीवरचे सत्र मला सर्वांत कमकुवत वाटले. नमुना म्हणून दाखवलेला मजकूर भीतीवर उभा होता: एकटीने जाणे धोक्याचे, आमच्याबरोबर या. जी बाई कधीच एकटी गेलेली नाही, तिच्यासाठी हे कदाचित चालेल. आमचा विषय होता तो एकटीने प्रवास करणाऱ्या बायकांचा, आणि त्या घाबरलेल्या नसतात. माझ्यापुरते सांगायचे तर मी एवढ्या वर्षांत घाबरले त्याहून कितीतरी जास्त वेळा थकले आहे: प्रत्येक तिकीट, प्रत्येक वळण, प्रत्येक जेवणाची जागा एकटीनेच ठरवण्याने, सामान कोणाच्या भरवशावर ठेवून स्वच्छतागृहात जावे या रोजच्या प्रश्नाने, आणि समोरचा डोंगर पाहून ‘बघ’ म्हणायला शेजारी कोणी नसण्याने. ज्या जाहिरातीत हा थकवा ओळखलेला असेल, तिच्यावर माझ्यासारखीचा विश्वास बसेल. छायाचित्रांत सगळ्याच पंचविशीच्या दिसाव्यात, हा सल्लाही मी मानणार नाही. माझ्या नऊ जणींत सहा जणी पन्नाशी ओलांडलेल्या होत्या.

अखेरची तासभराची स्वतंत्र चर्चा मात्र संपूर्ण शुल्काला न्याय देणारी ठरली. संयोजिकाबाईंनी माझा मार्गक्रम आधी वाचून ठेवला होता, तिसऱ्या दिवसाचा प्रवास दोन तासांनी कमी करायला लावला आणि आरोग्यविषयक माहितीचे अर्ज मी फोनच्या गटात मागवत होते ती पद्धत तत्काळ थांबवायला सांगितली. ज्या बाईला मधुमेह आहे किंवा जिची शस्त्रक्रिया झाली आहे, तिची माहिती लीडरपलीकडे कोणाकडे जाता कामा नये, हे मला आधीच कळायला हवे होते.

ज्यांनी अजून एकही सहल काढलेली नाही, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. सुरक्षितता आणि कायदा यांवरची दोन सत्रे आणि शेवटची चर्चा यांसाठीच तो करण्याजोगा आहे. ज्यांच्या दोन-तीन सहली झाल्या आहेत, त्यांना किंमत आणि जाहिरात यांबाबत नवे फारसे मिळणार नाही. आणि कोणीही असो, पाचव्या आठवड्याचा तक्ता जसाच्या तसा उचलू नये.

वर्ग संपल्यावर मी दुसरी सहल जाहीर केली, सर्वांना सारख्या किमतीत, वर लिहिलेल्या दुसऱ्या मार्गाने. दहा जणी आल्या. चौघींना एकटीची खोली हवी होती. खोली वाटून घेणाऱ्यांपैकी एकीने फोन करून विचारले की माझ्या किमतीत दुसरीची खोली कशी. मी तिला सगळा हिशेब पाठवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, असे असेल तर ताई, मलाही एकटीचीच खोली द्या. ते तिचे म्हणणे रास्तच होते. एकट्या राहणाऱ्या पाच झाल्या, उरलेल्या पाचांत जोडी जमेना, म्हणून सहावी खोलीही एकटीची धरावी लागली आणि हाती उरणारे ४०० घटून १०० वर आले. आता तक्त्यात मी ‘शेवटच्या क्षणी एकटीची होणारी खोली’ असा एक रकाना वाढवला आहे आणि स्थिर खर्चात अशा दोन खोल्यांची तरतूद धरते. तो तक्ता मी वर्गाच्या संयोजकांनाही पाठवला. पुढच्या तुकडीच्या पाचव्या आठवड्यात तो घेऊ, असे त्यांनी लेखी कळवले आहे.